हवेची प्रत : शहरागणिक निराळी, ऋतूगणिक निराळी

इसवी सन १९५२ च्या डिसेंबर महिन्यात लंडन शहरी स्मिथफील्डचे सुप्रसिद्ध जनावरांचे प्रदर्शन होते. त्यासाठी इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून उत्तम पोसलेली जातिवंत जनावरे शहरात आणून बांधली होती. दिनांक ५ रोजी शहरावर दाट धुके उतरले आणि घरोघरच्या शेगड्यांतून व कारखान्यांतून निघणारा दगडी कोळशाचा धूर त्यात मिसळून गेला. पुढे ९ तारखेपर्यंत वारा असा सुटलाच नाही. त्या अवधीत प्रदर्शनासाठी आणलेल्या गुरांना धाप लागली. काही दगावली व काहींना नाइलाजाने मारावे लागले. माणसांची किती हानी झाली हे कळावयास मात्र वेळ लागला. मृत्यूंच्या नोंदी एकत्र केल्यावर, नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक मरण पावली असा हिशेब प्रथम निघाला. पुढील अभ्यासात हा आकडा १२,००० पर्यंत जाऊ शकतो असे दिसून आले.

या हकिगतीत शेतकरी बंधूंनी ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. लंडनच्या शेगड्या ४ डिसेंबरलाही पेटत होत्या आणि १० डिसेंबरलाही पेटत होत्या. कोळसा काही त्या पाच दिवसांत एकाएकी दसपट जळू लागला नव्हता. बदलली होती ती हवेची चाल. एरवी जो धूर वाऱ्यावर निघून जात असे, तो त्या दिवसांत जागच्या जागी साचून राहिला. ओढ्यात टाकलेली घाण वाहून जाते, पण तीच डबक्यात टाकली तर पाणी सडते. हवेचेही तसेच आहे. एखाद्या ठिकाणची हवा किती बिघडेल हे दोन गोष्टींवर ठरते : तिच्यात किती धूर सोडला जातो ही एक, आणि तो वाहून नेण्याची शक्ती त्या वेळी त्या ठिकाणी हवेत किती असते ही दुसरी. ही दुसरी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात, आणि शेतात केव्हा काडी लावावी व केव्हा लावू नये याचाही विचार होत नाही.

हवेचे मोजमाप

हवेतील घाण ही अनेक पदार्थांची मिळून झालेली असते. त्यात गंधकाचे व नत्राचे वायू, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन इत्यादी वायू असतात, आणि धुराचे व धुळीचे कण असतात. या कणांपैकी २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असे जे सूक्ष्म कण, ते आरोग्यास विशेष घातक होत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते ७० मायक्रोमीटर असते, यावरून या कणांच्या बारीकपणाची कल्पना यावी. मोठी धूळ नाकात व घशात अडकते. हे कण मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

एक घन मीटर हवेत असे कण किती मायक्रोग्रॅम आहेत, यावरून हवेची प्रत ठरवितात. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेल्या मानकांप्रमाणे सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली सुचविली आहे.

सामान्य नागरिकास समजावे म्हणून २०१४ साली आपल्या देशात हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू करण्यात आला. यात शून्यापासून ५०० पर्यंत आकडे असून चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिवाईट व गंभीर अशा सहा पायऱ्या आहेत. आठ प्रदूषकांपैकी जो त्या दिवशी सर्वांत वरचढ असेल, त्यावरून निर्देशांक ठरतो. म्हणून निर्देशांकाचा आकडा आणि मायक्रोग्रॅमचा आकडा हे एकच नव्हेत, हे विसरू नये. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचताना या दोहोंची गल्लत वारंवार होते.

शहराशहरांतील फरक

दिल्ली शहरात सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी अलीकडील वर्षांत १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिली आहे. मुंबईत ती सर्वसाधारणपणे याच्या निम्म्याहून कमी असते. मुंबईत मोटारी, कारखाने व बांधकामे थोडी आहेत असे नाही. पण मुंबईला समुद्र आहे. दिवसा जमीन तापली म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात. ही ये-जा शहराची हवा झाडून काढते. दिल्लीस अशी सोय नाही. ती समुद्रापासून दूर, गंगा-यमुनेच्या सपाट प्रदेशात वसली आहे, आणि या प्रदेशाच्या उत्तरेस हिमालयाची भिंत उभी आहे. पंजाबापासून बंगालपर्यंतच्या या पट्ट्यात दाट लोकवस्ती, वीटभट्ट्या, औष्णिक वीजकेंद्रे व चुली यांचा धूर साचतो. तो एका शहराचा नसून साऱ्या प्रदेशाचा असतो.

समुद्र जवळ असला म्हणजे काळजी नको, असेही नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस हे शहर पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. पण त्याच्या मागे डोंगरांची रांग आहे, आणि समुद्रावरील थंड हवेच्या थरावर उष्ण हवेचे झाकण बसते. त्यामुळे मोटारींचा धूर तेथे कोंडून राहतो. आपल्याकडे पुणे शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा तेथे उतरून बसते. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी व मोठे औष्णिक वीजकेंद्र यांचा भार पडतो. सारांश, प्रत्येक शहराची हवा ही त्याच्या भूगोलावर व उद्योगधंद्यांवर अवलंबून असते. एका शहराचा उपाय दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

ऋतुमानाचा परिणाम

हिवाळ्यात सायंकाळी गावातील चुली पेटल्या म्हणजे त्यांचा धूर वर न जाता घरांच्या आढ्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहतो, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. याचे कारण असे : सामान्यतः जमिनीलगतची हवा उबदार व वरची थंड असते, उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते व धूर सोबत नेते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री मात्र जमीन भराभर निवते. तिच्या लगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार थर राहतो. यास शास्त्रज्ञ तापमान व्युत्क्रमण म्हणतात. कणगीवर झाकण बसावे त्याप्रमाणे हा उबदार थर खालील हवेवर बसतो. धुरास पसरावयास जागा उरत नाही. म्हणून तेवढ्याच धुराने हवा कैक पटींनी अधिक बिघडते.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. मोसमी वारे हवा हलती ठेवतात आणि पाऊस कण धुऊन काढतो. त्यामुळे दिल्लीत नोव्हेंबर महिन्यातील सूक्ष्म कणांचे प्रमाण जुलै-ऑगस्टच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक असते. शहर तेच, मोटारी त्याच. फरक पडतो तो बव्हंशी ऋतूचा, व काही अंशी हंगामी आगींचा.

एखाद्या वर्षी वाऱ्याने नेहमीची रीत सोडली तर काय होते, हे मुंबईने २०२२-२३ च्या हिवाळ्यात अनुभवले. त्या हंगामात खारे वारे मंद पडले. शहरात बांधकामांची धूळ आधीच पुष्कळ होती. परिणामी काही दिवशी मुंबईचा निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला. त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महानगरपालिकेने बांधकामांच्या जागी पत्र्याचे उंच कुंपण घालणे, पाणी मारणे इत्यादी नियम लागू केले.

दिवसाचे प्रहर

एकाच दिवसात हवेची प्रत चार वेळा पालटते. सकाळी रहदारी सुरू होते त्या वेळी रात्रीचे झाकण अद्याप उठलेले नसते. म्हणून सूक्ष्म कण वाढतात. ऊन चढले म्हणजे जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते व दुपारी कणांचे प्रमाण उतरते. सायंकाळी रहदारी व चुली यांची भर पडते आणि सूर्यास्ताबरोबर झाकण पुन्हा बसू लागते. म्हणून रात्री प्रमाण पुन्हा चढते. ओझोन या वायूची रीत मात्र निराळी आहे. तो कोणत्याही धुरांड्यातून थेट निघत नाही. मोटारी व कारखाने यांच्या धुरातील पदार्थांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो तयार होतो. त्यामुळे तो भर दुपारी सर्वाधिक असतो.

वर्षांच्या ओघात

हवा एकदा बिघडली म्हणजे ती कायमचीच बिघडली, असे मानण्याचे कारण नाही. लंडनच्या त्या दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या संसदेने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याने काळा धूर सोडण्यास बंदी असलेली क्षेत्रे ठरविली व घरगुती शेगड्या बदलण्यास मदत दिली. कोळशाच्या धुराचे तसले धुके पुढे त्या शहरातून नाहीसे झाले. लॉस एंजेलिसमध्ये मोटारींची संख्या पुष्कळ वाढली असूनही, त्यांच्या धुरावर कडक नियम आल्यामुळे ओझोनची कमाल पातळी १९५० नंतरच्या काळातील पातळीच्या निम्म्याहून खाली आली आहे. चीनमधील बीजिंग येथे २०१३ साली सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी ८९.५ मायक्रोग्रॅम होती. ती २०२१ साली ३३ वर उतरली. तेथे कोळशाचे बॉयलर बदलले, जुन्या मोटारी मोडीत काढल्या, आणि केवळ राजधानीपुरता विचार न करता शेजारच्या प्रांतांनाही त्याच योजनेत बांधून घेतले.

आपल्या देशात दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००२ अखेर नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. पुढे वाहनांची संख्या वाढत गेल्याने त्या लाभाचा बराच भाग खर्ची पडला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली इत्यादी शहरांचा समावेश आहे. दिनांक २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली तेव्हा रहदारी व कारखाने थांबले, आणि थोड्याच दिवसांत अनेक शहरांची हवा निवळली. पंजाबातील जालंदर शहरातून दूरवरच्या धौलाधार पर्वताची बर्फाच्छादित शिखरे दिसू लागली. अशी टाळेबंदी हा काही उपाय नव्हे. पण धूर थांबला तर हवा किती लवकर सुधारते, याचा तो दाखला होय.

पिकांची हानी

हवेचे प्रदूषण हा शहरवासीयांचा प्रश्न आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. लॉस एंजेलिसच्या धुराची पहिली ठळक खूण शेतातच दिसली होती. १९४४ च्या सुमारास त्या परिसरातील पालेभाज्यांच्या पानांवर रुपेरी व काशाच्या रंगाची चकाकी येऊ लागली आणि पाने निकामी होऊ लागली. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या वाफा आणि सूर्यप्रकाश यांपासून ओझोनादी पदार्थ तयार होतात व तेच पाने जाळतात, हे त्याने १९५० नंतर प्रयोगाने दाखवून दिले.

ओझोन हा पानांच्या रंध्रांतून आत शिरतो व अन्न तयार करण्याच्या क्रियेस बाधा आणतो. शहरात मोटारींच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडमुळे त्याचा काही अंशी नाश होतो; पण वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेलेल्या हवेत तो वाढत जातो. म्हणून कित्येकदा शहरापेक्षा त्याच्या वाऱ्याखालील खेड्यांत ओझोन अधिक आढळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ या एका वर्षी ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ कमी पिकला असा अंदाज केला आहे. कापूस व सोयाबीन या पिकांनाही त्याची झळ लागते. पुष्कळदा पानांवर काहीच खूण दिसत नाही, उत्पन्न तेवढे घटते. जेव्हा खूण दिसते तेव्हा ती जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात बारीक ठिपक्यांच्या रूपाने असते. अशा वेळी रोग समजून औषध फवारण्यात पैसा व्यर्थ जाण्याचा संभव आहे. तरी आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

माणसांची हानी तर याहून मोठी आहे. २०१९ या वर्षी आपल्या देशात सुमारे १६.७ लाख मृत्यूंस हवेचे प्रदूषण कारणीभूत झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यात घरातील चुलीच्या धुराने झालेले मृत्यूही धरले आहेत.

शेतातील आगीचा वाटा

पंजाब व हरियाणा या राज्यांत भात कापल्यावर उरलेला खुंट जाळतात, हे सर्वश्रुत आहे. त्यामागील अडचणही समजून घेतली पाहिजे. भूगर्भातील पाणी वाचावे म्हणून पंजाबात २००९ साली कायदा होऊन भातलावणी जून महिन्यात पुढे ढकलण्यात आली. त्यामुळे कापणीही लांबली. कापणी व गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे उरू लागले आणि जाळण्याची वेळ नेमकी वारे मंद पडण्याच्या दिवसांत आली. पाणी वाचविण्याच्या चांगल्या हेतूतून हवेचे संकट वाढले. त्या काळात काही दिवशी दिल्लीतील सूक्ष्म कणांचा एकतृतीयांशाहून अधिक भाग या आगींपासून आल्याचे आढळले आहे. तथापि हा हंगाम काही आठवड्यांचाच असतो. डिसेंबर-जानेवारीत खुंट जळत नसतानाही दिल्लीची हवा वाईटच राहते. तेव्हा सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण आपला वाटा आपण ओळखणे हेही तितकेच न्यायाचे आहे.

आपल्या राज्यात हा वाटा मुख्यतः उसाच्या पाचटाचा आहे. साखर कारखान्यांचा गळितहंगाम सामान्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात चालतो. म्हणजे हवेवर झाकण बसण्याचे जे महिने, तेच आपले पाचट जाळण्याचे महिने होत. त्यातही वारा पडला आहे असे पाहून, आग शेजारच्या उसात जाऊ नये म्हणून, संध्याकाळी काडी लावण्याची अनेकांची रीत आहे. आगीच्या दृष्टीने ही दक्षता योग्य वाटते. पण तो धूर रात्रभर आपल्याच वस्तीवर, गोठ्यावर व मुलांच्या अंथरुणावर बसून राहतो. शहरापर्यंत तो पोहोचेल तेव्हा पोहोचेल. पहिला घास तो आपल्याच घराचा घेतो.

पाचट जाळण्यात जमिनीचीही हानी आहे. एक हेक्टर उसापासून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद व ७५ ते १०० किलो पालाश असते. जाळल्याने सेंद्रिय पदार्थ व बहुतेक नत्र हवेत निघून जाते आणि वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू मरतात. पाचट खोडव्यात ठेवल्यास ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या वाचतात, तण दबते व जमिनीचा पोत सुधारतो.

काय करावे

(१) ऊस तुटून गेल्यावर पाचट न जाळता सऱ्यांमध्ये सारखे पसरावे. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नये. बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटावेत.

(२) पसरलेल्या पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. पाचट कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते. युरिया न दिल्यास ते जमिनीतील नत्र वापरतात व खोडवा काही काळ पिवळा पडतो. या कारणाने पुष्कळांचा पहिला प्रयोग फसतो आणि पाचट वाईट असा ग्रह होतो.

(३) त्यानंतर पाणी द्यावे व पाचट पायाने सरीत दाबून घ्यावे, म्हणजे त्याचा ओल्या मातीशी संबंध येऊन ते लवकर कुजते.

(४) पऱ्हाट्या, तुराट्या व गव्हाचे काड बांधावर जाळू नये. यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळावे किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे.

(५) शहरालगत भाजीपाला पिकविणाऱ्या व कामानिमित्त रोज शहरात जाणाऱ्या बंधूंनी हवेचा निर्देशांक पाहत जावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या भ्रमणध्वनी उपयोजनेवर तो मिळतो. पुणे व मुंबई या शहरांसाठी ‘सफर’ ही यंत्रणाही आहे. निर्देशांक अतिवाईट असेल तेव्हा दमेकरी, वृद्ध, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी पहाटे व सायंकाळी बाहेर श्रम करणे टाळावे. पहाटेची हवा नेहमीच शुद्ध असते, हा समज हिवाळ्यात शहराजवळ खरा ठरत नाही.

(६) गोठ्यात डास हाकलण्यासाठी रात्री धुरी करण्याची रीत असल्यास दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जनावरांनाही फुप्फुसे आहेत, हे स्मिथफील्डच्या गुरांनी जगास दाखवून दिले आहे.

शहरातील मोटारी व कारखाने यांचा बंदोबस्त करणे शेतकऱ्याच्या हाती नाही, आणि वाऱ्याची चाल तर कोणाच्याच हाती नाही. परंतु आपल्या शेतातील काडी आपल्या हाती आहे. ज्यांना एकदम सर्व क्षेत्रात पाचट ठेवणे धाडसाचे वाटत असेल, त्यांनी येत्या गळितहंगामात निदान एका एकरापुरता हा प्रयोग करून पाहावा, शेजारच्या एकराशी खर्चाचा, पाण्याच्या पाळ्यांचा व उताऱ्याचा ताळा घ्यावा, आणि मगच पुढील वर्षाचे ठरवावे. अडचण पडल्यास आपल्या गावच्या कृषी सहायकास अथवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास भेटावे.